नापास, पण कशात?

चूक दाखवणारी माणसे दोन प्रकारची असतात. काही जण नुसते 'चुकले' म्हणून मोकळे होतात. काही जण काय चुकले, कुठे चुकले आणि किती चुकले तेही सांगतात. आमच्या सासूबाई घरात कन्नडच बोलतात आणि त्या दुसऱ्या प्रकारातल्या. जेवताना 'सरि इल्ल' एवढेच म्हणून त्यांनी कधी ताट सरकवले नाही. 'सारिगे उप्पु कम्मि' असे म्हणतात. कशात कमी, काय कमी, सारे तीन शब्दांत आले. ऐकणाऱ्याला राग येत नाही आणि मिठाचा डबा पुढे करण्यापलीकडे काम उरत नाही.

आज मला लिहायचे आहे ते मात्र माणसांच्या नव्हे, यंत्राच्या 'चुकले' म्हणण्याविषयी. मराठी शिकवणारी बाई संगणकाच्या भानगडीत कुठे पडली, असे वाचकांना वाटेल. पण वाचकहो, विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ १९९८ साली बेळगावात आले आणि आसपासच्या गावांतली मुले भराभर इंजिनिअर झाली. आमच्या हिंडलग्यात एका घरात पोरगा बेंगळूरच्या कंपनीत, तर शेजारच्या घरात पोरगी पुण्याच्या. त्यांतली काही आठवड्यातले दोन-तीन दिवस घरूनच काम करतात. भिंतीला भिंत लागून असली की त्यांचे त्रासही कानावर येतात. 'फेल मारलंय, पण का ते कळंना झालंय,' हे वाक्य तर मी इतक्यांदा ऐकले की अखेर विषय समजून घ्यावा लागला.

मोठी संगणक-प्रणाली म्हणजे हजारो छोट्या तुकड्यांची जोडणी. एक तुकडा बिलाची बेरीज करतो, एक तारीख तपासतो, एक नाव शोधतो. प्रत्येक तुकडा आपले काम बरोबर करतो का, हे पाहण्यासाठी प्रोग्रामर आणखी एक छोटा प्रोग्राम लिहितात. 'हे आत घातले तर ते बाहेर यावे,' अशी अट त्यात असते. याला युनिट टेस्ट म्हणतात. आपण तुकड्याची चाचणी म्हणू. केंट बेक या अमेरिकन प्रोग्रामरने १९९४ साली स्मॉलटॉक भाषेसाठी अशा चाचण्यांचे साधन मांडले. पुढे १९९७ मध्ये झुरिकहून अटलांटाला एका परिषदेसाठी जाताना विमानात बसल्या बसल्या बेक आणि एरिक गामा या दोघांनी जावा भाषेसाठी 'जेयुनिट' लिहायला घेतले. सगळे बरोबर असेल तर हिरवी पट्टी, एक जरी चुकले तरी लाल, इतका तो साधा हिशेब होता. जगभरच्या प्रोग्रामरांनी तो उचलला.

लाल पट्टी दिसली की कळते, काहीतरी चुकले. पुढचा प्रश्न येतो, काय? इथेच सारी मेख आहे.

उद्यमबागेत ज्यांच्या घरचे कोणी काम करते त्यांना हे लगेच कळेल. फौंड्रीतून कास्टिंग येते, मशीनवर त्याला भोक पाडतात, मग तपासणी. तपासणीला प्लग गेज असते. त्याची एक बाजू आत जायलाच हवी, दुसरी बाजू आत जाता कामा नये. काम झटपट होते, दिवसात शेकडो नग तपासून होतात. पण गेज फक्त 'पास' किंवा 'रिजेक्ट' सांगते. नग रिजेक्ट झाला तर मशीनवरच्या माणसाने काय करायचे? तेव्हा मोजणारे साधन लागते. 'भोक चार शतांश मिलिमीटर मोठे झाले,' असे त्याने सांगितले की कारागीर मशीनवर तेवढाच फरक करतो आणि पुढचा नग बरोबर निघतो. गेज निवाडा देते, माप उपाय सुचवते. माल पाठवायचा की नाही हे ठरवायला निवाडा पुरतो. मशीन दुरुस्त करायला माप लागते.

संगणकाच्या चाचण्यांतही ही दोन्ही साधने आहेत, आणि घाईत असलेला माणूस नेहमी गेज उचलतो. उदाहरण आपल्याच गावचे घेऊ. कुंद्याच्या दुकानाचे बिल करणारा एक तुकडा आहे. दर किलोला ६०० रुपये, गिऱ्हाइकाने दीड किलो घेतला. बिल ९०० यायला हवे. तुकड्यात गफलत आहे, बिल ६०० येते. चाचणी लिहिणाऱ्याने नुसते विचारले, 'बिल बरोबर आहे, हे खरे का?' तर जेयुनिटच्या नव्या आवृत्तीत संदेश येतो तो असा: 'खरे अपेक्षित होते, खोटे आले.' वाचायला एखाद्या कीर्तनातले वाक्य वाटावे, पण बिलाविषयी त्यात एक अक्षर नाही.

तीच चाचणी थोडी नीट लिहिली, दोन आकडे समोरासमोर ठेवले, तर संदेश येतो: 'अपेक्षित ९००, आले ६००.' हे पुष्कळ बरे. पण अजून संशयित दोन उरतात. दर चुकून ४०० धरला असेल तरी दीड किलोचे ६००च होतात. वजन चुकून एक किलो धरले असेल तरी ६००च. आता तिसरी तऱ्हा पाहा. लिहिणाऱ्याने अर्धा मिनिट जास्त खर्चून सोबत एक ओळ जोडली: 'कुंदा, दर ६००, वजन १.५ किलो: अपेक्षित ९००, आले ६००.' आता चौथीतले पोरही सांगेल की वरचा अर्धा किलो कुठेतरी गळला. प्रोग्राम दशांश चिन्हापुढचे सोडून देत असणार. चूक तीच, तुकडा तोच, पट्टीही लालच. फरक फक्त सांगण्यात. पहिल्या संदेशावर माणूस दुपार घालवील, तिसऱ्यावर चहा निवायच्या आत उठेल.

या सांगण्यातही फसगत होते. जेयुनिटमध्ये आधी अपेक्षित आकडा लिहायचा, मग प्रत्यक्ष आलेला. टेस्टएनजी नावाच्या दुसऱ्या साधनात क्रम बरोबर उलटा. एका साधनाची सवय घेऊन माणूस दुसऱ्याकडे गेला की चाचणी चालते, लाल पट्टीही बरोबर लागते, फक्त संदेश खोटे बोलतो: 'अपेक्षित ६००, आले ९००.' मग बरोबर असलेले बिल चुकीचे समजून माणूस नको तिथे शोधत बसतो. संदेश मुका असला तर वेळ जातो. खोटा असला तर माणूस उलट्या रस्त्याला लागतो.

आता मी या प्रकरणात कशी ओढली गेले ते सांगते. शेजारची ती पुण्याच्या कंपनीतली मुलगी एका संध्याकाळी लॅपटॉप घेऊनच आली. "काकू, तुम्ही मराठीच्या. यात शुद्धलेखनाची चूक कुठं हाय तेवढं दाखवा बघू." पडद्यावर ओळ होती: 'अपेक्षित: कऱ्हाड. आले: कऱ्हाड.' मी चष्मा पुसून पुन्हा वाचले. दोन्ही शब्द अक्षर न् अक्षर सारखे. "यात चूक नाही गं," मी म्हटले. "मला बी तेच वाटतंय," ती म्हणाली, "पण सकाळपासून हे यंत्र मान्यच करंना."

उलगडा रात्री झाला, आणि तो मराठीच्या अभ्यासकाने वहीत टिपून ठेवावा असा आहे. 'कऱ्हाड', 'बिऱ्हाड', 'कुऱ्हाड' या शब्दांतला आडवा रकार मराठीचे खास लेणे. संगणकात प्रत्येक अक्षराला युनिकोडचा एक क्रमांक असतो. हा आडवा रकार तिथे दोन तऱ्हांनी साठवता येतो. एक तऱ्हा अशी की नुक्ता असलेला ऱ, ज्याचा क्रमांक ०९३१, आणि त्यापुढे हलन्त. दुसरी अशी की साधा र, क्रमांक ०९३०, पुढे हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब. पण पहिल्या तऱ्हेच्या 'कऱ्हाड'मध्ये सहा चिन्हे, दुसऱ्या तऱ्हेच्यात सात. यंत्र रूप पाहत नाही, चिन्हे मोजते. त्याच्या दृष्टीने ती दोन वेगळी गावे.

कन्नड वाचकांनी इथे हसू नये. 'सूर्य' लिहिताना कन्नडमध्ये रकाराचे अर्कावत्तु अक्षराच्या उजवीकडे जाते. पण 'रॅली' किंवा 'रँक' लिहायचे तर र पूर्ण ठेवून त्याखाली यकार द्यावा लागतो, आणि तो तसा राहावा म्हणून तिथेही तेच न दिसणारे चिन्ह मध्ये घालतात. ते गळले की शब्दाचे रूप बदलते. नको तिथे शिरले की शोध लागत नाही. आपल्या दोन्ही भाषांचे दुखणे एकच.

त्या यंत्राचे काय चुकले? निवाडा तर बरोबरच होता. दोन्ही शब्द आतून वेगळे होतेच. पण जो फरक त्याने पाहिला तो त्याने सांगितला नाही. 'अपेक्षित ६ चिन्हे, आली ७. पहिला फरक दुसऱ्या जागी, ०९३१ ऐवजी ०९३०' असे म्हटले असते तर त्या पोरीचा दिवस वाचला असता आणि मराठीच्या बाईचा चष्माही. अशी सोय आज पुष्कळ साधनांत आहे. जेयुनिट लांब मजकुराची तुलना करताना वेगळा भाग कंसात धरून दाखवू शकते. पायथन भाषेत मजकुराचे आतले रूप छापले तर ते अदृश्य चिन्ह आपल्या क्रमांकासह उघडे पडते. सोय असते, ती वापरायला हवी हे कोणाच्या तरी मनात यावे लागते.

हे सगळे इंजिनिअरांचे कौतुक म्हणून सोडून देता आले असते. पण सीमाभागात राहणाऱ्याला 'जुळत नाही' या शब्दांची किंमत ठाऊक आहे. आपल्याकडे एकाच माणसाचे नाव जमिनीच्या उताऱ्यावर कन्नडमध्ये, जुन्या शाळेच्या दाखल्यावर मराठीत आणि बँकेच्या पुस्तकात इंग्रजीत असते. आमच्या गल्लीतल्या एका आजींना असेच एका कार्यालयात तीन हेलपाटे पडले. खिडकीतल्या मुलाचाही दोष नव्हता. त्याच्या पडद्यावर 'मॅच होत नाही' एवढेच येत होते. कोणत्या कागदातले कोणते अक्षर जुळत नाही हे ना त्याला कळे, ना आजींना. चौथ्या वेळी कुणी तरी दोन कागद शेजारी ठेवून बोट लावून वाचले, तेव्हा आडनावातले एक अक्षर वेगळे निघाले. आजींनी विचारले, "हे पहिल्याच दिवशी सांगायला काय झालं होतं?" याला उत्तर नाही. मला मात्र वाटते, याचे मूळ कुठेतरी त्या तुकड्याच्या चाचणीत आहे. ज्याच्या हातातले साधन त्यालाच नुसते 'नापास' म्हणते, तो माणूस पुढे लोकांसाठी पडदा तयार करताना 'मॅच होत नाही' लिहून मोकळा होतो. जसे शिकावे तसे शिकवावे, त्यातला प्रकार.

मोघम संदेशाची याहून मोठी किंमत जगाने मोजली आहे. थेरॅक-२५ हे कर्करोगावर किरणोपचार करणारे कॅनडात तयार झालेले यंत्र. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात या यंत्राने सहा रुग्णांना भयंकर जादा मात्रा दिली. टेक्सासमधील टायलर गावी १९८६ च्या मार्चमध्ये उपचार चालू असताना पडद्यावर शब्द उमटले, 'मालफंक्शन ५४'. यंत्रासोबतच्या पुस्तिकेत त्याचा अर्थ दिलेला नव्हता. पुढे निर्मात्यांकडून कळले तो अर्थ असा की मात्रा एक तर फार जास्त किंवा फार कमी गेली. म्हणजे मिठाचा डबा उपडा झाला की मीठ घालायचेच राहिले, हेही कळू नये! अशा बारीकसारीक थांबण्याची तिथल्या कर्मचाऱ्यांना रोजची सवय होती. यंत्र चालवणाऱ्या बाईंनी नेहमीप्रमाणे 'पुढे चला'ची कळ दाबली आणि रुग्णाला दुसरा तडाखा बसला. काही महिन्यांत तो दगावला. एप्रिलमध्ये त्याच ठिकाणी पुन्हा तेच झाले.

मूळ दोष प्रणालीतच होता, संदेशात नव्हे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण स्पष्ट संदेशाने माणूस थबकला असता. मोघम संदेश वारंवार आला की माणूस तो वाचणेच सोडून देतो. लांडगा आला रे आला म्हणणाऱ्या पोराची गोष्ट आपण लहानपणी ऐकतो. यंत्रही तेच करते. युनिट टेस्टमध्ये याचे सौम्य रूप रोज दिसते. उगीचच अधूनमधून लाल होणारी, काही न सांगणारी चाचणी असली की लोक म्हणतात, 'ती तशीच हाय, पुन्हा चालव.' एक दिवस ती खरेच काही सांगत असते.

'मुले संदेश वाचतच नाहीत,' अशी तक्रार शिक्षक करतात. २०१७ साली अमेरिकेत टायटस बारिक आणि सहकाऱ्यांनी ५६ विद्यार्थ्यांच्या डोळ्यांच्या हालचाली टिपून पाहिल्या. ते चाचण्यांचे नव्हे, प्रोग्राम तपासणाऱ्या कंपायलरचे संदेश होते. विद्यार्थी ते वाचत होते, कामातला १३ ते २५ टक्के भाग त्यांतच जात होता. पण ते वाचणे खुद्द प्रोग्राम वाचण्याइतकेच अवघड पडत होते. हे इंग्रजी मुलुखातले झाले. २०१८ साली फिलिप गुओ यांनी ८६ देशांतल्या, इंग्रजी मातृभाषा नसलेल्या ८४० जणांना विचारले, तेव्हा इंग्रजी आणि प्रोग्रामिंग एकाच वेळी शिकावे लागणे ही त्यांची मोठी अडचण निघाली. आपली मुले तर घरी मराठी, बाजारात कन्नड आणि कॉलेजात इंग्रजी अशी तीन दारे ओलांडून त्या लाल ओळीपाशी पोचतात. ओळ कळली नाही की त्यांना वाटते, आपणच कच्चे. इंजिनिअरिंग सोडून दुसरीकडे वळलेली चांगली हुशार मुले मी पाहिली आहेत.

मग संदेश मराठीत किंवा कन्नडमध्ये आणावेत का? आणावेत, पण नुसत्या भाषांतराने भागणार नाही. 'प्रतिपादन अयशस्वी' असे शुद्ध मराठीत किंवा 'विफलवागिदे' असे शुद्ध कन्नडमध्ये लिहिले म्हणून काय उजेड पडणार? मोघमपणाला भाषा नसते. आधी सांगण्यासारखे काही असावे, मग ते कोणत्या भाषेत सांगायचे ते पाहावे.

उलट टोकही नको. काही साधने एक अक्षर चुकले म्हणून हजार ओळींच्या दोन याद्या पडद्यावर ओततात. त्यात फरक शोधणे म्हणजे गवताच्या गंजीत सुई. फरक आधी, बाकीचे मागाहून. आणि संदेशाने अंदाज बांधू नये. 'बहुधा दर चुकला असावा,' असे कुंद्याच्या बिलाने सांगितले असते तर माणूस दरातच अडकला असता. पाहिले तेवढे सांगावे; कारण शोधणे माणसावर सोपवावे. उत्तरपत्रिका तपासणाऱ्या आम्हा मंडळींनाही हे लागू आहे.

जाता जाता आमच्या इंजिनिअर मुलामुलींना एकच सांगायचे आहे. चाचणी लिहिताना संदेशासाठी एक जागा असते, आणि बहुतेक वेळा ती रिकामीच सोडतात. ती भरायला तीन प्रश्न पुरतात: काय हवे होते, काय आले, कुठे? कन्नडमध्ये म्हणायचे तर 'एनु बेकागित्तु, एनु बंतु, एल्लि?' आज तुम्हाला सगळे ठाऊक आहे म्हणून ती ओळ फालतू वाटते. दोन वर्षांनी तुम्ही दुसऱ्या कंपनीत असाल आणि ती लाल पट्टी रात्री अकरा वाजता एखाद्या नवख्या मुलीपुढे उभी राहील. तुम्ही कोण, कुठले, हे तिला माहीत नसेल. तुमची ती एक ओळ मात्र तिच्यापुढे असेल, किंवा नसेल.